धातूंचे दप्तर : मद्रास प्रांतातील पोलादाच्या इतिहासाचा शोध

शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना हिऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. हिरा म्हणजे कार्बन, हे आपण सर्वजण शालेय वयातच शिकलो. त्याच कार्बनचा दुसरा एक पराक्रम मात्र क्रमिक पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. मऊ लोखंडात शेकडा एक ते दीड भाग कार्बन नीट मुरला, की त्याचे उत्तम पोलाद बनते. पाथरवटाची छिन्नी, सुताराची पटाशी, शल्यचिकित्सकाची सुरी आणि सैनिकाची तलवार यांची धार या एवढ्याशा कार्बनवर उभी असते. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असा नेमका शब्द होता. हे तिखे करण्याची विद्या दक्षिण भारतात अनेक शतके नांदली, जगभर नावाजली गेली आणि एकोणिसाव्या शतकात बघता बघता लोप पावली. तिचा माग काढण्याचे काम गेली दोन शतके चालू आहे. या कामातील बऱ्याच वाटा आजच्या चेन्नईतून, म्हणजे पूर्वीच्या मद्रासमधून जातात.

मराठीत ‘दप्तर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दप्तर मुलांच्या पाठीवर असते. दुसरे पेशव्यांचे किंवा तंजावरच्या राजांचे, मोडी कागदांनी भरलेले. या दुसऱ्या दप्तरात लढाया आहेत, तह आहेत, वसुलाचे हिशेब आहेत. परंतु भट्टीसमोर भाता ओढणाऱ्या माणसाने खनिजाचे लोखंड कसे केले आणि लोखंडाचे पोलाद कसे केले, याची नोंद त्यात शोधूनही फारशी सापडत नाही. ज्याला ते ठाऊक होते तो लिहीत नव्हता. जो लिहीत होता तो भट्टीपाशी बसत नव्हता. म्हणून या विद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला वेगळे दप्तर उघडावे लागते. फुटक्या मुशी, धातुमळीचे ढीग, गंजलेली हत्यारे आणि देवळांतील मूर्ती हे त्या दप्तरातील कागद होत. ते वाचायला मोडी चालत नाही. रसायन, सूक्ष्मदर्शक आणि किरणोत्सर्ग यांची लिपी शिकावी लागते.

मुंबईहून गेलेले नमुने

या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईत झाला. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे भारतीय पोलादाचे काही नमुने लंडनला पाठवले. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर केलेले प्रयोग सोसायटीसमोर मांडले. या निबंधाच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईत तयार होते आणि तिथे त्याला ‘वूट्झ’ म्हणतात, असे म्हटले आहे. मुंबई हे केवळ ते जहाजावर चढवण्याचे बंदर होते. पोलादाच्या भट्ट्या म्हैसूर, तेलंगण आणि तमिळ प्रदेशात, विशेषतः सेलमच्या परिसरात पेटत होत्या. ‘वूट्झ’ हा शब्दही कन्नड ‘उक्कु’ या शब्दाचा अपभ्रंश असावा, असे अभ्यासक मानतात. तमिळमध्ये त्याचे भावंड ‘उरुक्कु’ असे आहे. करणाऱ्याचे गाव पुसले जाऊन विकणाऱ्याच्या बंदराचे नाव मालाला चिकटावे, हे या पोलादाच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडले. भारतातून गेलेल्या पोलादाच्या वड्यांपासून पश्चिम आशियात ज्या नक्षीदार पात्याच्या तलवारी घडत, त्यांना युरोपने ‘दमास्कसच्या तलवारी’ म्हटले होते.

लंडनमध्ये या वड्यांनी मोठे कुतूहल निर्माण केले. मायकेल फॅरडे यांचे वडील लोहार होते, आणि पुढे विजेच्या संशोधनाने अजरामर झालेल्या फॅरडेंनी तरुणपणी याच भारतीय पोलादावर काम केले. जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कुशल कारागिरासह त्यांनी १८२० ते १८२२ या काळात पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. या पोलादाचे गुण त्यातील अ‍ॅल्युमिनियममुळे असावेत, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. खरे रहस्य कार्बनच्या प्रमाणात आणि वडी सावकाश थंड होण्यात होते. मात्र त्या चुकीच्या तर्काच्या पाठलागातून मिश्र पोलादांच्या पद्धतशीर अभ्यासाला सुरुवात झाली. दक्षिणेतील एका अनाम कारागिराच्या मुठीएवढ्या वडीने युरोपातील धातुविज्ञानाला असा धक्का दिला.

तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने

ज्या १७९४ साली मुंबईहून हे नमुने निघाले, त्याच साली मद्रासमध्ये भूमापन शिकवणारी एक लहानशी शाळा सुरू झाली. आज गिंडी येथे असलेल्या प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालयाचे हे मूळ. कंपनी सरकारला आपल्या ताब्यात आलेला मुलूख मोजायचा होता आणि त्यातील संपत्तीची मोजदादही करायची होती. त्याच हेतूने १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन मद्रासहून प्रवासाला निघाले. म्हैसूर, सेलम, मलबार असा त्यांचा मार्ग होता. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात पिकांच्या व विणकरांच्या माहितीबरोबरच लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या, कामकऱ्यांची संख्या आणि त्यांच्यातील कमाईची वाटणी यांचेही वर्णन येते. भट्टीपाशी जाऊन, बघून, विचारून लिहिलेले हे आरंभीचे महत्त्वाचे टिपण आहे.

त्याहून अधिक बारकाईने लिहिले ते जोसाया मार्शल हीथ यांनी. कंपनीच्या मद्रासमधील मुलकी सेवेत असताना त्यांना सेलमच्या लोखंडाचा ध्यास लागला. १८३९ मध्ये त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय लोखंड व पोलादावर निबंध लिहिला. त्यातील कृती मराठी वाचकाला ओळखीची वाटावी अशी आहे. नरम लोखंडाचे लहान तुकडे करायचे. मातीच्या मुशीत ते साधारण अर्धा ते दोन रत्तल घालायचे. त्यांच्या एक दशांश वजनाचे तरवडाचे वाळके लाकूड बारीक करून सोबत ठेवायचे. वर रुईची एक-दोन हिरवी पाने झाकायची आणि मुशीचे तोंड चिखलाने घट्ट लिंपायचे. अशा वीस-चोवीस मुशी वाळवून एका लहान भट्टीत रचायच्या आणि सुमारे अडीच तास भाता चालवायचा. मुशी थंड झाल्यावर फोडल्या की आत पोलादाची वडी मिळे. चांगल्या वडीचा पृष्ठभाग गुळगुळीत असे. वर खडबडीत राहिलेली वडी नीट वितळली नाही, हे कारागीर नजरेने ओळखे.

तरवड आणि रुई ही आपल्या माळरानावरची झुडपे. एकाची साल चामडे कमावायला, दुसऱ्याची पाने मारुतीच्या माळेला. बंद मुशीत या लाकडाचा व पानांचा कोळसा व वायू होतो, त्यातील कार्बन तापलेल्या लोखंडात शिरतो, कार्बन शिरला की लोखंडाचा वितळणबिंदू खाली येतो, आणि साध्या भात्याच्या उष्णतेत ते पातळ होते. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशे अंशांहून अधिक तापमान लागते. कार्बनयुक्त लोखंड त्याच्या बरेच आधी वितळू लागते. कारागिराला कार्बन हा शब्द ठाऊक नव्हता. किती लाकूड, किती पाने, किती वेळ आणि ज्वाळेचा कोणता रंग, एवढे त्याला ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे होते.

फिरंग्यांच्या पेठेतील कारखाना

हीथ यांना केवळ निबंध लिहायचा नव्हता. १८२५ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि १८३० च्या सुमारास मद्रासच्या दक्षिणेस, वेल्लार नदीच्या मुखाशी असलेल्या पोर्तो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना उभारला. या गावाचे तमिळ नाव परंगीपेट्टै, म्हणजे सरळ मराठीत फिरंगीपेठ. कंपनी सरकारने कर्ज दिले, सेलम भागातून खनिज नदीमार्गे होड्यांतून येऊ लागले, आणि युरोपीय पद्धतीच्या उंच झोतभट्ट्यांत बीड तयार होऊ लागले. येथील लोखंड इंग्लंडला जात असे. वेल्समधील प्रसिद्ध ब्रिटानिया पुलासाठीही ते वापरले गेले, असे सांगितले जाते.

कारखाना मात्र कधीच स्थिरावला नाही. त्याच्या भट्ट्यांना दगडी कोळसा नव्हे, लोणारी कोळसा लागे, आणि तो जंगलातून येई. गावच्या भट्टीची भूक लहान होती. ती हंगामात पेटे आणि विझे. मोठ्या भट्टीला रात्रंदिवस कोळसा हवा होता. जवळची झाडी संपली, कोळसा दुरून आणावा लागू लागला, खर्च वाढला आणि विलायतेतील स्वस्त लोखंडापुढे टिकाव धरणे अशक्य झाले. मालकी बदलली, भांडवल नवे आले, पण १८६० च्या दशकात भट्ट्या थंडावल्या.

स्वतः हीथ त्याआधीच इंग्लंडला परतले होते. १८३९ मध्ये त्यांनी मुशीतील पोलादात कार्बन व मँगेनीज यांचे संयुग घालण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे शेफील्डचे पोलाद कमालीचे स्वस्त झाले. तेथील कारखानदारांनी किरकोळ फेरफार करून तीच युक्ती वापरली आणि पेटंटाचे पैसे नाकारले. कज्जे वर्षानुवर्षे चालले. १८५१ मध्ये हीथ यांचे निधन झाले आणि त्यानंतर लागलेला अंतिम निकालही त्यांच्या विरुद्ध गेला. आपल्या कल्पनेचे श्रेय व मोबदला मिळाला नाही, या दुःखात हा मनुष्य गेला. पण त्यांना निदान न्यायालय होते, वकील होते, इतिहासात नाव राहिले. ज्या सेलमच्या कारागिरांनी त्यांना मूस कशी लिंपावी ते दाखवले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या निबंधातून आपल्यापर्यंत आलेले नाही.

पुढील दशकांत गावोगावच्या भट्ट्याही विझत गेल्या. १८६५ व १८७८ चे वन कायदे आणि मद्रास प्रांताचा १८८२ चा वन कायदा यांनी जंगलातून कोळसा पाडण्यावर बंधने आणली. दुसऱ्या बाजूने विलायती लोखंडाच्या पट्ट्या रेल्वेने बाजारात येऊ लागल्या. आपल्या सह्याद्रीतही याच काळात हेच घडले. महाबळेश्वर परिसरात जांभ्या दगडातील खनिजापासून लोखंड गाळणाऱ्या धावड समाजाचा धंदा जंगलबंदीनेच बसला. आज ‘धावड’ हे आडनाव उरले आहे. भट्टी उरलेली नाही.

वस्तू जपणारे घर

करणारे गेले, तरी केलेल्या वस्तू राहिल्या होत्या. त्या सांभाळण्याचे काम मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाने केले. १८५१ मध्ये स्थापन झालेले, एग्मोर येथील हे संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन दगडी हत्यार सापडले आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. खनिजे शोधत हिंडणाऱ्या या माणसाने हत्यारांचा जो प्रचंड संग्रह केला, तो पुढे याच संग्रहालयाने घेतला. योगायोग असा, की त्याच १८६३ मध्ये शेफील्डचे हेन्री सॉर्बी पोलादाचा तुकडा घासून, त्यावर आम्लाचा हात फिरवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले होते. धातूच्या अंतरंगात स्फटिकांची वीण असते आणि त्या विणीत त्याच्या घडणीची कहाणी उमटलेली असते, हे त्यातून कळले. खोदून काढलेली वस्तू आणि ती वाचण्याची रीत एकाच वर्षी माणसाच्या हाती आली; दोघींची गाठ पडायला मात्र बराच काळ जावा लागला.

१८९९ ते १९०५ या काळात अलेक्झांडर री यांनी ताम्रपर्णी नदीच्या काठी आदिच्चनल्लूर येथे उत्खनन केले. मृतांच्या अस्थी ठेवलेले मोठे रांजण, त्यांच्यासोबत लोखंडी तलवारी, भाले, कुऱ्हाडी, पशुपक्ष्यांच्या आकृतींनी सजवलेली काशाची झाकणे आणि कपाळावर बांधण्याच्या सोन्याच्या पट्ट्या असा ऐवज तिथे मिळाला. त्यातील मोठा भाग मद्रासच्या संग्रहालयात आला. परंतु समुद्राच्या दमट, खारट हवेत जुना धातू स्वस्थ राहत नाही. काशावर हिरवट भुकटी धरते, ती आत आत पोखरत जाते. अभ्यासक याला ‘काशाचा रोग’ म्हणतात. या रोगावर उपाय करण्यासाठी १९३० मध्ये संग्रहालयात रसायनशाळा सुरू झाली. तिथे एस. परमशिवन यांनी विद्युतविश्लेषणाने मूर्ती स्वच्छ करण्याच्या पद्धती वापरल्या आणि प्राचीन धातूंची रासायनिक तपासणीही सुरू केली. ज्या वस्तूंना हार घातले जात होते, त्यांना आता प्रश्न विचारले जाऊ लागले. यात अनादर नव्हता. रोग बरा करायचा तर रोग्याची प्रकृती आधी समजून घ्यावी लागते.

धातू बोलू लागला

पुढच्या पिढीत हे प्रश्न अधिक सूक्ष्म झाले. डॉ. शारदा श्रीनिवासन यांचे काम या दृष्टीने आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मधून अभियांत्रिकी भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या आणि भरतनाट्यम् नृत्यात निष्णात असलेल्या या संशोधिकेने दक्षिणेतील शंभराहून अधिक धातुमूर्तींचे सूक्ष्म नमुने तपासले. चेन्नईच्या संग्रहालयातील मूर्तींचाही त्यांत समावेश होता. त्यांची एक मुख्य पद्धत शिशाच्या समस्थानिकांची होती. युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून कोट्यवधी वर्षांत शिशाचे निरनिराळे समस्थानिक तयार होतात. त्यांचे परस्पर प्रमाण प्रत्येक खाणीत वेगळे असते, आणि खनिज वितळवले, ओतले, पुन्हा वितळवले तरी ते बदलत नाही. मूर्तीच्या काशात मिसळलेले चिमूटभर शिसे अशा रीतीने आपल्या खाणीची खूण जपून ठेवते. एकाच काळातील मूर्तींत एकाच ठिकाणचा धातू वापरला गेला असेल, तर त्यांचा गट जुळतो. यावरून काही नटराजमूर्ती समजल्या जात होत्या तशा चोळकालीन नसून त्याआधीच्या पल्लवकाळातील असाव्यात, असे मत त्यांनी मांडले. कलेच्या इतिहासातील वादात धातूने दिलेली ही साक्ष होती.

त्यांनीच पूर्वीच्या दक्षिण अर्काट जिल्ह्यातील मेल-सिरुवलूर या गावी धातुमळीच्या ढिगात पोलादाच्या मुशींचे तुकडे ओळखले आणि १९९४ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. मुशीच्या आतल्या अंगाला चिकटून राहिलेले धातूचे कण तपासता ते उच्च कार्बनयुक्त पोलादाचे निघाले. हीथ यांनी कागदावर वर्णिलेली मूस अशी मातीतून पुन्हा हाती आली. त्याआधी १९८० च्या दशकात प्रा. के. राजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ईरोडजवळ नोय्यल नदीकाठी कोडुमणल येथे लोखंडाच्या भट्ट्यांचे अवशेष उजेडात आणले होते. चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात डॉ. बलदेव राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभट्टीचे भाग तपासण्याची तंत्रे प्राचीन मूर्तींना लावली. मूर्तीला ओरखडाही न उमटवता तिची ‘बोटांची ठसेनोंद’ घेता आली, तर चोरीला गेलेली मूर्ती परत मिळाल्यावर तीच ती, हे सिद्ध करता येते. इतिहासाच्या अभ्यासाचा असा रोकडा उपयोगही असतो.

या नकाशात मराठी माणसाच्या ओळखीच्या जागा आहेत. तंजावरच्या पूर्व वेशीवर एक अवाढव्य लोखंडी तोफ आहे. सुमारे सव्वीस फूट लांबीची ही तोफ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या काळात घडली. १६७० च्या दशकात एकोजीराजे तंजावरला आले तेव्हा ती तिथे होती, आणि पुढे मराठ्यांच्या राज्यात ती तिथेच राहिली. कानपूरच्या आय. आय. टी.चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही तोफ ओतलेली नाही. लांब लोखंडी पट्ट्या उभ्या जुळवून आतली नळी केली आहे आणि तिच्यावर तापलेल्या लोखंडी कड्यांचे थर चढवून, घणाचे घाव घालून सर्व एकजीव केले आहे. गावच्या भट्टीतून एका वेळी थोडेच लोखंड निघत असे. असे कित्येक गोळे गोळा करून, एका तालावर घण मारून बावीसेक टनांची तोफ उभी करणे, यामागे किती माणसांची शिस्त असेल, हे तिच्या सांध्यांकडे पाहून उमगते.

विदर्भातही असा एक कागद सापडला आहे. १९७८ ते १९८० मध्ये नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाण संस्कृतीच्या लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. वक्राकार विटांनी रचलेली ही भट्टी सुमारे इ. स. पू. सातव्या शतकातील मानली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील डॉ. वि. द. गोगटे यांनी तेथील धातुमळीचा अभ्यास केला. तमिळ प्रदेशातील आणि विदर्भातील महापाषाणांखाली निजलेल्या माणसांच्या उशाशी सारखीच लोखंडी हत्यारे ठेवलेली आढळतात, हे लक्षात घेतले म्हणजे चेन्नईतील प्रश्न आपलाही प्रश्न होतो.

अभिमान आणि पुरावा

२३ जानेवारी २०२५ रोजी चेन्नईत तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी एक अहवाल प्रकाशित केला. के. राजन आणि आर. शिवानंदम यांनी लिहिलेल्या या अहवालात शिवगलै, आदिच्चनल्लूर, मयिलाडुंपारै इत्यादी स्थळांच्या काळनिश्चितीचे आकडे आहेत. शिवगलै येथील एका नमुन्याचा काळ इ. स. पू. ३३४५ असा निघाला आहे. म्हणजे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी तमिळ भूमीत लोखंड होते, असा याचा अर्थ लावण्यात आला. तोवर लोखंड गाळण्याचा आरंभ आशिया मायनरमध्ये, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात झाला, असे सर्वसाधारणपणे शिकवले जात असे. उत्तर प्रदेशातील काही स्थळांवरून भारतातील लोखंडाचा काळ इ. स. पू. १८०० पर्यंत मागे गेला होता. नव्या आकड्याने तो एकदम दीड हजार वर्षे मागे नेला.

साहजिकच एकीकडे ढोल वाजले आणि दुसरीकडे भुवया उंचावल्या. दोन्ही प्रतिक्रिया बाजूला ठेवून प्रश्न नीट मांडला पाहिजे. कोळशाची किरणोत्सर्गी तपासणी ते झाड कधी जगले हे सांगते. शेजारचे लोखंड कधी झाले हे सांगत नाही. जुन्या लाकडाचा कोळसा नंतरच्या काळात वापरला गेला असेल, तर आकडा मागे सरकतो. रांजणात कोळसा, खापर आणि लोखंड एकत्र असले, तरी ते एकाच वेळी आत गेले हे थरांवरून दाखवावे लागते. सापडलेले लोखंड खनिजातून गाळलेले आहे की उल्केतून आलेले, हेही त्याच्यातील निकेलवरून व आतल्या विणीवरून तपासता येते. त्याच काळाची भट्टी आणि धातुमळी मिळाली, तर दावा भक्कम होतो. अहवालकर्त्यांनी निरनिराळ्या प्रयोगशाळांतून, निरनिराळ्या पद्धतींनी काळ काढून घेतले, ही योग्य दिशा आहे. पुढचे काम उत्खननाचे आणि उलटतपासणीचे आहे.

या ठिकाणी आपल्या दोन शतकांच्या कथेचा धागा पुन्हा हाती येतो. एका काळी परक्यांनी मथळ्यात चुकीचे गाव लिहिले आणि कारागिरांचे श्रेय पुसले. त्याची भरपाई आपण पुराव्याहून मोठा दावा करून केली, तर त्या कारागिरांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. कारण मग लोक त्यांच्या खऱ्या कर्तृत्वावरही विश्वास ठेवणार नाहीत. तरवडाच्या लाकडाने आणि रुईच्या पानांनी जगातील उत्तम पोलाद करणाऱ्यांना कोणाच्या अतिशयोक्तीची गरज नाही. त्यांची मूस काळजीपूर्वक तपासली जावी, एवढेच त्यांचे आपल्याकडे मागणे असू शकते.

शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास वेगळा असतो, विज्ञानाचा वेगळा आणि कार्यानुभवाचा तर बहुधा शेवटचा. सेलमच्या भट्टीची विद्या लोपली, कारण हाताला येणारे आणि पुस्तकात लिहिले जाणारे यांच्यामध्ये अशीच भिंत होती. चेन्नईच्या संग्रहालयात, कल्पाक्कमच्या प्रयोगशाळेत आणि नैकुंडच्या खड्ड्यात ती भिंत पाडायला पुढच्या लोकांना शंभर-दीडशे वर्षे लागली. पालकांनी मुलांना सुट्टीत चेन्नईला नेले, तर समुद्रकिनाऱ्याबरोबर एग्मोरच्या संग्रहालयासाठीही अर्धा दिवस राखून ठेवावा. तितके दूर जाणे जमले नाही, तर आपल्या भागातील लोहाराच्या, तांबटाच्या, ओतारीच्या दुकानात मुलांनी वही घेऊन बसावे. तापलेल्या लोखंडाचा रंग कोणता झाला की ते पाण्यात बुडवतात, हे विचारून लिहून घ्यावे, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव वहीत सर्वांत वर लिहावे. शाळेच्या पुढच्या महोत्सवी अंकात अशा वह्यांतील पाने छापता आली, तर बुकानन आणि हीथ यांच्या टिपणांत जी जागा रिकामी राहिली, ती आपल्या मुलांच्या दप्तरात भरलेली असेल.